कंसातला आकडा : लोकरीच्या सपातांचा पहिला नमुना वाचताना

फेरी ३ : (१ मुका, वाढ) × ६ [१८]

सपातांचा पहिलाच नमुना करायला घेतलेली बाई बहुधा या ओळीशी अडते. साखळी सरसर पडत असते, मुका खांबही जमू लागलेला असतो, पण हे कंस, हा गुणाकार आणि शेवटचा सुटा आकडा पाहिला की हात थांबतो. मग मोबाइलवर व्हिडिओ लागतो. तो पुढेमागे करत एक सपाता कशीबशी पुरी होते आणि दुसऱ्या पायाची बोटभर लांब निघते.

व्हिडिओत हात दिसतात, हिशेब दिसत नाही. या प्रकरणात तो हिशेब पाहायचा आहे. नमुन्यातली कोणतीही ओळ तीनच गोष्टी सांगते : सुई कुठे घालायची, कोणता टाका घालायचा आणि किती वेळा. शेवटचा कंसातला आकडा ही सूचनाच नव्हे, ती पडताळणी आहे. एवढे ध्यानात आले की नमुना पाठ करावा लागत नाही, आणि घरातल्या हरेक पायासाठी तो बदलून घेता येतो.

घाटावरची थंडी आणि बाहेरची लोकर

बुलढाणा जिल्ह्यात बोलताना लोक दोन मुलूख मानतात : घाटावरचा आणि घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचे बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंच आहे. राजूर घाट उतरून मोताळा, मलकापूरकडे गेले की पूर्णेच्या खोऱ्यातली उबदार हवा लागते. डिसेंबर-जानेवारीत घाटावरच्या घरांत सकाळची फरशी अनवाणी पायांना सोसत नाही. म्हाताऱ्या माणसांना तर मुळीच नाही. लोकरीच्या सपातांची आठवण होते ती तेव्हा.

क्रोशा इथल्या घरांना नवा नाही. रुखवतात मांडलेली तोरणे, टीपॉयवरचे रुमाल, बाळंतविड्यातली टोपडी आणि इवलेसे बूट पिढ्यान्‌पिढ्या घरीच विणले गेले. पण ते बहुतेक सारे बघून उचललेले काम. शेजारणीच्या तोरणाचे टाके मोजायचे, घरी येऊन तसेच घालायचे, चुकले तर उसवायचे. कागदावर लिहिलेला नमुना वाचण्याची गरज पडत नसे. आता बाळाच्या बुटांपासून मोठ्यांच्या सपातांपर्यंत हजारो नमुने फोनवर मिळतात, मात्र ते बहुतेक इंग्रजी आद्याक्षरांत असतात. टाके काकूला येतात, अक्षरे पुतणीला येतात. खामगावहून पुतणी चिखलीच्या काकूला फोनवर विचारते, "काकू, इथं डीसी लिहेल हाय, म्हंजे कोनता टाका वं?" काकू उलट विचारते, "त्यात सुईवर आधी दोरा घ्यायचा हाय का नाही, ते सांग." काकूचा प्रश्न अगदी बरोबर आहे. का, ते पुढे दिसेलच.

लोकरीचे म्हणाल तर या कापसाच्या मुलखाला ती बाहेरूनच येते. खामगावची कापसाची बाजारपेठ इतकी मोठी होती की जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा १८७० मध्ये मुख्यतः कापसासाठी टाकला गेला. दुकानात मिळणारे विणकामाचे गुंडे मात्र बहुतेक लुधियानासारख्या ठिकाणांहून येतात, आणि त्यांना आपण लोकर म्हणत असलो तरी त्यातले पुष्कळसे ॲक्रिलिक असतात. सपातांसाठी हे वाईट नाही. ॲक्रिलिक धुता येते, लवकर वाळते आणि पायावर ताणून बसते. सुती दोऱ्याच्या सपाताही होतात, पण सूत फारसे ताणले जात नाही. हा फरक माप काढताना उपयोगी पडेल.

चार टाके पुरतात

साध्या सपातांना टाक्यांची मोठी यादी लागत नाही. घराघरांत नावे थोडी बदलतात, म्हणून प्रत्येक टाका कृतीने ओळखावा.

साखळी : सुईवरच्या फासातून दोरा ओढून घेतला की एक साखळी. नमुन्यात ती 'सीएच' असते.

स्लिप टाका : सुई टाक्यात घालायची, दोरा घ्यायचा आणि तो टाक्यातून आणि सुईवरच्या फासातून एका दमात ओढायचा. याला उंची जवळजवळ नसते, म्हणून तो जोडण्यासाठी वापरतात. अक्षरे 'एसएल एसटी'.

मुका खांब : सुई टाक्यात घालून दोरा ओढा, सुईवर दोन फास होतात. पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम काढा. अमेरिकी अक्षरे 'एससी'. सपातांचा सारा तळवा बहुधा याच टाक्याचा असतो, कारण वीण दाट येते.

खांब : इथे सुईवर आधी दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा, मग सुई टाक्यात घालायची. दोरा ओढला की तीन फास होतात. ते दोन-दोन करून दोनदा काढायचे. तिन्ही एकदम काढले तर अर्धा खांब. अमेरिकी अक्षरांत खांब म्हणजे 'डीसी' आणि अर्धा खांब म्हणजे 'एचडीसी'.

यांच्या जोडीला दोन क्रिया येतात. 'इन्क' म्हणजे वाढ : एकाच टाक्यात दोन टाके घालणे. 'डेक' किंवा 'टुगेदर' म्हणजे घट : दोन टाक्यांतून दोरा ओढून त्यांचा एक टाका करणे. 'आरएनडी' म्हणजे फेरी, 'रो' म्हणजे ओळ. फेरी गोल फिरते. ओळ टोकाला जाऊन उलटते.

सुई कुठे घालायची हे नमुन्यात पुष्कळदा लिहिलेलेच नसते. मागच्या ओळीचा प्रत्येक टाका वरून पाहिला की त्याला दोन धागे दिसतात. काही लिहिले नसेल तर सुई त्या दोन्ही धाग्यांखालून घालायची. 'बॅक लूप' किंवा 'बीएलओ' लिहिले असेल तरच फक्त मागच्या धाग्यातून. मागच्या धाग्यातून घातले की पुढे एक उठावदार रेघ उमटते आणि वीण जास्त ताणली जाते, म्हणून ते सपातांच्या काठाला वापरतात. दोन्हींची सरमिसळ झाली तर टाके बरोबर मोजूनही एक बाजू लांब पडते.

एकच नाव, दोन टाके

आता काकूच्या प्रश्नाकडे. 'डीसी' ही अक्षरे अमेरिकी नमुन्यात खांबासाठी येतात, ब्रिटिश नमुन्यात मुक्या खांबासाठी. ब्रिटिश पद्धतीत 'सिंगल' असा टाकाच नाही. तिथे मुका खांब म्हणजे 'डबल', अर्धा खांब म्हणजे 'हाफ ट्रेबल' आणि खांब म्हणजे 'ट्रेबल'. अमेरिकी पद्धतीत हीच मालिका 'सिंगल', 'हाफ डबल', 'डबल' अशी चालते, आणि 'ट्रेबल' म्हणजे सुईवर दोन वेढे घेऊन घातलेला लांब खांब.

तोरणात असा गोंधळ झाला तर नक्षी जरा मोठी दिसते, इतकेच. सपातांत मात्र पाय बसत नाही. खांबाची उंची मुक्याच्या साधारण दुप्पट असते. वीस फेऱ्यांत अकरा सेंटिमीटरचा पुढचा भाग व्हायचा, तिथे ब्रिटिश 'डीसी' अमेरिकी समजून खांब घातले तर तो भागच बावीस सेंटिमीटर होईल. म्हणजे जवळजवळ आख्खा पाय.

ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. यादीत कुठेही 'एससी' दिसले तर नमुना अमेरिकी. 'हाफ ट्रेबल' दिसले तर ब्रिटिश. टाक्यांच्या प्रमाणाला 'गेज' म्हटले असेल तर बहुधा अमेरिकी, 'टेन्शन' म्हटले असेल तर बहुधा ब्रिटिश. तरीही शंका उरली तर काकूने विचारले तेच विचारायचे : सुईवर आधी वेढा घ्यायचा की नाही? चांगल्या नमुन्यात शेवटी किंवा सुरुवातीला प्रत्येक टाक्याची कृती दिलेली असते. नाव पाहू नका, कृती पाहा.

नावांचा हा घोळ आजचा नाही. आज आपण ज्याला क्रोशा म्हणतो त्याच्या छापील सूचना १८२३ मध्ये 'पेनेलोपे' या डच मासिकात आल्या. पुढे १८४० मध्ये एडिंबरोत लोकर विकणाऱ्या जेन गॉगेन यांनी विणकामाच्या आपल्या पुस्तकात लांबलचक वाक्यांऐवजी आखूड खुणा वापरल्या. ज्याने-त्याने आपापली अक्षरे ठरवत नेली आणि अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर दोन पद्धती रुजल्या. जपानी नमुन्यांनी अक्षरेच टाळली. तिथे चिन्हांचा नकाशा असतो : साखळीला लंबगोल, स्लिप टाक्याला ठिपका, मुक्याला फुली किंवा अधिकचे चिन्ह, अर्ध्या खांबाला इंग्रजी 'टी'चा आकार आणि खांबाला त्याच आकारावर एक तिरकी रेघ. ठिपक्यांची रांगोळी कागदावरून अंगणात उतरवणाऱ्या बाईला हा नकाशा भाषा न येताही वाचता येतो. गोल नकाशा मधून बाहेर वाचायचा. ओळींचा नकाशा खालून वर वाचायचा.

आठ नंबरची सुई, चार नंबरची लोकर

दुसरा गोंधळ आकड्यांचा. नमुना म्हणतो, 'आठ नंबरची सुई'. जुन्या ब्रिटिश मापात आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. अमेरिकी मापात 'एच-८' म्हणजे ५ मिलिमीटर. तोरणांच्या बारीक दोऱ्यासाठी ज्या पोलादी सुया मिळतात त्यांचे नंबर तिसरेच. तिथे आठ नंबरची सुई जेमतेम दीड मिलिमीटरची असते. आईच्या शिवणाच्या डब्यात सापडणारी सुई बहुधा याच जातीची, आणि तिने लोकर विणायला गेले तर दोरा फाटतो. म्हणून नंबर बाजूला ठेवून मिलिमीटर पाहावेत. लोकरीच्या सपातांसाठी ४ मिलिमीटरची सुई चांगली सुरुवात आहे. अॅल्युमिनियमची, बांबूची किंवा प्लास्टिकची, कोणतीही चालेल.

लोकरीच्या वेष्टनावरचा आकडाही फसवतो. प्लाय म्हणजे किती पदर एकत्र पिळले ते. पदर जाड असतील तर दोन पदरी दोराही चार पदरीपेक्षा जाड भरतो. त्यातच ब्रिटिश नमुन्यातली 'फोर प्लाय' ही बारीक लोकर आहे, आणि अमेरिकी लोकरीच्या ० ते ७ या जाडीच्या श्रेणीतली '४' ही मध्यम जाड. चाराचा आकडा पाहून लोकर आणली आणि नमुना दुसऱ्या पद्धतीचा निघाला तर सपाता बाहुलीच्या मापाची होते. वेष्टनावर सुईचे चित्र आणि मिलिमीटर छापलेले असतात, ते जास्त खरे. सपातांसाठी त्याहून थोडी बारीक सुई घ्यावी. वीण दाट आली की तळवा लवकर झिजत नाही.

कंस काय खातो, काय देतो

आता ती ओळ : (१ मुका, वाढ) × ६ [१८].

गोल कंसातला मजकूर हा एक गट. पहिल्या टाक्यात एक मुका घालायचा, पुढच्या टाक्यात वाढ म्हणजे दोन मुके. हा गट सहा वेळा. काही नमुन्यांत कंसाऐवजी तारा असतो : तारा ते तारा पुन्हा करा. 'आणखी पाच वेळा' लिहिले असेल तर पहिला धरून सहाच. इथे 'पाच' वाचून पाचच गट घालणे ही नवशिक्यांची नेहमीची गफलत आहे.

प्रत्येक गट तपासताना दोन प्रश्न विचारायचे. मागच्या फेरीतले किती टाके तो संपवतो? नव्या फेरीत किती टाके देतो? आपला गट दोन टाके संपवतो आणि तीन देतो. सहा गट मिळून बारा टाके संपले आणि अठरा तयार झाले. मागच्या फेरीत बाराच टाके होते, म्हणजे फेरी बरोबर टोकाला येऊन पुरी होते. आणि अठरा हाच चौकोनी कंसातला आकडा. मागच्या फेरीचा आकडा आणि या फेरीचा आकडा यांच्यामध्ये गटाचा हिशेब जुळला की ओळ समजली. छापील नमुन्यातली चूकही याच रीतीने पकडता येते. सुईला हात लावण्याआधी सगळ्या फेऱ्या अशा कागदावर तपासून पाहिल्या तर रात्री उसवण्याचे काम उरत नाही.

काही नमुन्यांत एकाच ओळीत तीन मापे असतात : [२४ (३०, ३६)]. पहिला आकडा लहान मापाचा, कंसातले क्रमाने मध्यम आणि मोठ्या मापाचे. छापील प्रत असेल तर सुरुवातीलाच आपल्या मापाच्या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल करून ठेवावा. नमुन्याच्या मध्यावर येऊन माप बदलले तर टाच आणि बोटे जुळत नाहीत.

सहाच का?

बहुतेक सपातांची सुरुवात सहा मुक्यांनी होते आणि प्रत्येक फेरीत सहाच वाढतात. यामागे वर्तुळाचा साधा नियम आहे. वर्तुळाची त्रिज्या जितकी वाढते, त्याच्या साधारण सव्वासहा पट त्याचा परीघ वाढतो. एक फेरी घातली की त्रिज्या एका टाक्याच्या उंचीइतकी वाढते. मुका खांब जवळपास जितका उंच तितकाच रुंद असतो, उलट रुंदीला किंचित जास्तच. म्हणून सपाट वर्तुळ हवे असेल तर फेरीमागे सुमारे सहा टाके वाढवावे लागतात. खांब दुप्पट उंच, म्हणून खांबांच्या वर्तुळाला फेरीमागे बारा लागतात. तोरणातल्या चकत्या बारा खांबांनी सुरू होतात त्याचे कारण हेच.

वाढ यापेक्षा जास्त झाली तर कडेला झालर पडते. लॅटव्हियात जन्मलेल्या गणितज्ञ डायना टाइमिना यांनी १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात हीच झालर मुद्दाम वाढवत नेली आणि अतिपरवलयी भूमितीतला पृष्ठभाग क्रोशाने विणून दाखवला. वाढ कमी झाली किंवा थांबवली तर वीण वर वळते. सपातांच्या पुढच्या टोकाला आपल्याला नेमके हेच हवे असते : बोटांवर चढेल इतके रुंद झाले की वाढ थांबवायची. मग त्याच टाक्यांवर सरळ नळी होत जाते. 'वर्क इव्हन' असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की वाढ नाही, घट नाही, प्रत्येक टाक्यात एक टाका.

एक पूर्ण नमुना

टाचेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत २३ सेंटिमीटर आणि बोटांच्या मुळाशी घेर २१ सेंटिमीटर अशा पायासाठी हा नमुना आहे. सुई ४ मिलिमीटरची. टाक्यांचे प्रमाण : १० सेंटिमीटरमध्ये १६ मुके रुंदीला, १८ ओळी उंचीला.

फेरी १ : दोऱ्याच्या कड्यात ६ मुके [६]
फेरी २ : प्रत्येक टाक्यात वाढ [१२]
फेरी ३ : (१ मुका, वाढ) × ६ [१८]
फेरी ४ : (२ मुके, वाढ) × ६ [२४]
फेरी ५ : (३ मुके, वाढ) × ६ [३०]
फेरी ६ ते २० : प्रत्येक टाक्यात १ मुका [३०]
ओळ १ : २२ मुके, उरलेले ८ टाके सोडा, १ साखळी, उलटवा [२२]
ओळ २ ते १९ : प्रत्येक टाक्यात १ मुका, १ साखळी, उलटवा [२२]
शेवट : मागची कड मधोमध दुमडून स्लिप टाक्याने जोडा.

पहिल्या वीस फेऱ्यांत पुढचा बंद भाग होतो. त्याला वरची-खालची बाजू नसते. आठ टाके सोडल्यावर वरची बाजू ठरते, कारण ते आठ टाके पावलाच्या उघड्या तोंडाला येतात. मग तळवा आणि दोन्ही बाजू ओळींनी मागे वाढतात. बावीस टाके मधोमध दुमडले की अकरा आणि अकरा समोरासमोर येतात आणि टाच तयार होते.

फेऱ्या जोडायच्या की गोल फिरत राहायचे, हे नमुना सांगतो. 'जॉइन' लिहिले नसेल तर फेरी संपल्यावर न जोडता पुढच्या टाक्यात सरळ शिरायचे. अशा फेऱ्यांत सुरुवात कुठे झाली ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन किंवा वेगळ्या रंगाचा दोरा अडकवावा आणि फेरीगणिक वर सरकवावा. पंधरा एकसारख्या फेऱ्या मोजताना या पिनेसारखा आधार नाही.

ओळींच्या टोकाला येणारी एक साखळी हा टाका नव्हे, ती फक्त उंची गाठण्यासाठी असते. मुक्या खांबात ती सहसा मोजत नाहीत, खांबाच्या कामात मात्र तीन साखळ्या बहुधा पहिला खांब म्हणून मोजल्या जातात. नमुना याबद्दल गप्प असेल तर कंसातल्या आकड्याला विचारायचे. बावीस टाक्यांवर बावीसच मुके घालून बावीस भरत असतील तर साखळी हिशेबात नाही. ओळीगणिक एकेक टाका कमी होत कड तिरकी जात असेल तर शेवटचा टाका सुटतो आहे. वाढत असेल तर साखळीत टाका पडतो आहे.

दहा सेंटिमीटरचा चौकोन

नमुन्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे टाक्यांचे प्रमाण. प्रत्येकीचा हात वेगळा असतो. तीच लोकर, तीच सुई, पण कोणाची वीण घट्ट येते तर कोणाची सैल. वरच्या नमुन्यातले तीस टाके १० सेंटिमीटरला १६ या प्रमाणाने पावणेएकोणीस सेंटिमीटर घेर देतात. घट्ट हाताच्या बाईचे १० सेंटिमीटरमध्ये १८ टाके बसतील, आणि तेच तीस टाके पावणेसतरा सेंटिमीटर होतील. दोन सेंटिमीटरांचा हा फरक पायाला लगेच कळतो.

म्हणून आधी वीसेक टाक्यांचा, वीसेक ओळींचा तुकडा विणावा. कडा सोडून मधल्या भागात पट्टी ठेवून १० सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी येतात ते मोजावे. टाके जास्त आले तर जाड सुई घ्यायची, कमी आले तर बारीक. हात जाणूनबुजून सैल किंवा घट्ट करायला जाऊ नये, दोन फेऱ्यांनंतर तो आपल्या वळणावर येतोच. सुई बदलणे सोपे.

आपल्या पायाचा नमुना

हे सगळे आकडे आले कुठून? घेरापासून सुरू करू. लोकर ताणली जाते, म्हणून सपाता पायाच्या घेरापेक्षा साधारण दहा टक्के लहान धरतात. २१ चे दहा टक्के वजा केले की सुमारे १९ राहतात. प्रत्येक सेंटिमीटरला १.६ टाके, म्हणजे तीस टाके. लांबीत एक-दीड सेंटिमीटर कमी करायचे : २३ चे साडेएकवीस. प्रत्येक सेंटिमीटरला १.८ ओळी, म्हणजे ३९. त्यातल्या साधारण निम्म्या बंद फेऱ्या, उरलेल्या उघड्या ओळी. नमुन्यातल्या २० आणि १९ यांची बेरीज हीच.

घरातल्या पुरुषमाणसाचा पाय २६ सेंटिमीटर लांब आणि २५ सेंटिमीटर घेराचा असेल तर हाच हिशेब पुन्हा मांडायचा. घेर दहा टक्के कमी करून साडेबावीस, गुणिले १.६, म्हणजे ३६ टाके. तीस सहांच्या पाढ्यात होते, छत्तीसही आहेत. म्हणून पाचव्या फेरीनंतर फक्त एक फेरी जास्त : (४ मुके, वाढ) × ६ [३६]. लांबी साडेचोवीस, गुणिले १.८, म्हणजे ४४. त्यात २३ फेऱ्या आणि २१ ओळी. तोंडाला दहा टाके सोडले की २६ उरतात, आणि ते दुमडल्यावर तेरा-तेरा जुळतात. उत्तर सहाच्या पाढ्यात बसले नाही तर जवळच्या पटीवर आणायचे, आणि तळव्याच्या ओळींचे टाके सम ठेवायचे, म्हणजे टाच मधोमध जुळते. सुती दोरा घेतला तर दहाऐवजी पाच टक्के वजा करायचे, कारण सूत पायाबरोबर वाढत नाही.

गुळगुळीत फरशीवर लोकर घसरते, आणि पडण्याचा धोका सर्वांत जास्त असतो तो ज्यांच्यासाठी आपण सपाता विणतो त्या म्हाताऱ्या माणसांनाच. म्हणून तळव्याला रेक्झिन किंवा रबराचा पातळ तुकडा शिवून घ्यावा. चप्पल दुरुस्त करणारे हे काम करून देतात. जोडणी झाल्यावर लोकरीची टोके विणीत आतून फिरवून घ्यावीत, गाठ मारून कापू नयेत. गाठ तळव्याखाली बोचते.

तोरण एकच असते, रुमालही एकच. त्यात चार टाके इकडेतिकडे झाले तरी कोणाला कळत नाही. सपाता मात्र जोडीने लागतात. पहिलीच्या वेळी घातलेले टाके आठवडाभराने दुसरीच्या वेळी आठवत नाहीत. तेव्हा सुईचे मिलिमीटर, लोकरीचे वेष्टन, फेऱ्यांची आणि ओळींची संख्या, तोंडाला सोडलेले टाके, असे सारे वहीत पहिली सपाता करतानाच उतरवून ठेवावे. एवढे लिहिले की तो तुमचा स्वतःचा नमुना झाला. उद्या शेजारीण सपाता बघून 'मलाही सांग' म्हणाली तर तिच्या पायाची दोन मापे घ्या, तिच्याकडून चौकोन विणवून घ्या आणि तिचे आकडे तिच्यासमोर मांडा.